निसान वन टन ट्रेलर ओढेल हो, पण कसाऱ्याच्या उतारावर थांबेल का?

ऐरोलीहून एकांनी विचारलंय की मिलिटरी डिस्पोजलची, म्हणजे आर्मीने लिलावात काढलेली, निसान वन टन ही जुनी मालवाहू गाडी मिळतेय, त्याच माणसाकडे आर्मीचा एक टनी ट्रेलर पण आहे, दोन्ही मिळून भाव बरा वाटतोय, तर इंजिन ट्रेलर ओढेल का, कारच्या लायसन्सवर चालेल का, आणि मुरबाडच्या शेतावर सामान न्यायला आणि वर्षातून दोन-तीनदा इगतपुरीकडे कॅम्पिंगला वापरता येईल का. फोटो बघितले, गाडी दिसायला खरंच छान आहे, हौदा सरळ आहे, फाळका पण मूळचाच वाटतोय.

मी वागळे इस्टेटला गॅरेज चालवतो, २३ वर्षं झाली, काम बहुतेक जुन्या फोर बाय फोरचंच. स्वतःची जोंगा (आर्मीची जुनी जीप) आहे आणि तिच्यामागे अर्धा टनी ट्रेलर लावून मी फिरतो, म्हणून जे केलंय त्यावरूनच लिहितो.

तर पहिला प्रश्न, ओढेल का. ओढेल. जोंगा आणि वन टन ही दोन्ही जबलपूरच्या सरकारी गाडी कारखान्याची पोरं, निसानच्या लायसन्सवर बनलेली, आत तेच सहा सिलिंडरचं ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन, खालच्या आरपीएमला पण दम असतो त्याला. नीट ट्यून केलेलं इंजिन भरलेला ट्रेलर चढावर सावकाश पण न कुरकुरता नेतं. आजवर माझ्याकडे जेवढे लोक ट्रेलरचा विचार घेऊन आले त्या सगळ्यांनी हाच प्रश्न आधी विचारला, आणि मी सगळ्यांना हेच सांगितलं की ओढायची काळजी करू नका, थांबवायची करा. तुमचा खरा प्रश्न ब्रेकचा आहे आणि त्याच्या पाठोपाठ कागदांचा.

ब्रेकचं आधी बोलू. या गाड्यांना चारी चाकांना ड्रम ब्रेक, आणि जुन्या गाड्यांत हायड्रॉलिकची लाईन बहुतेक एकच असते. म्हणजे एका चाकाचा व्हील सिलिंडर गळला तर नुसतं ते चाक जात नाही, पेडल थेट खाली जातं आणि चारी चाकं गेली. आजच्या गाडीत दोन वेगळे सर्किट असतात त्यामुळे आपल्याला ही सवयच राहिली नाही. त्यात आपली हवा. ठाण्याला खाडी, तुमच्याकडे ऐरोलीला पण खाडीच, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ ऑइल नवीन असताना साधारण २०५ डिग्रीला उकळतं, पाणी ओढलेलं १४० ला. उतारावर ड्रम तापले की सिलिंडरमधलं हे ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखं होतं.

हे मी स्वतः भोगलंय. इगतपुरीहून परत येत होतो, ट्रेलरमध्ये ओले तंबू, भांडी, पाण्याचे कॅन, साधारण चारशे किलो असेल. कसारा घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्येच राहिलो आणि पाय ब्रेकवर, कारण पुढे एक कंटेनर रांगत होता. अर्ध्यावर ब्रेकचे लायनर जळल्याचा तो खास वास आला, करपट, थोडा गोडसर, ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. पुढच्या वळणाला पेडल आधीपेक्षा दोन बोटं जास्त खाली गेलं, त्याच्या पुढच्याला अजून खाली. डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, सेकंड टाकला, इंजिन ओरडलं पण गाडी धरली, आणि डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा मिळाली तिथे हँडब्रेकवर थांबवली. मित्राने उतरून ट्रेलरच्या आणि गाडीच्या चाकांना दगड लावले. ड्रमवर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकले तर तव्यावर टाकल्यासारखे चर्र करून उडाले (थेंबच टाकायचे, पाणी ओतायचं नाही, बीडाचा ड्रम तडकतो). पाऊण तास बसलो तिथे. गॅरेजला आल्यावर ऑइल काढलं तर चहासारखं काळपट, तीन वर्षं बदललेलं नव्हतं. त्यानंतर मी दर वर्षी पावसाळा संपला की ऑइल बदलतो, लायनर चांगले असले तरी.

हे का होतं त्याचा हिशोब सोपा आहे. गाडी आणि ट्रेलर भरून साडेचार टन धरा, इगतपुरी ते कसारा उतार उंचीत साधारण ३०० मीटरचा. तेवढं वजन तेवढं खाली आणायचं म्हणजे साडेतीन युनिटपेक्षा जास्त विजेएवढी उष्णता कुठेतरी जायलाच हवी, २ किलोवॅटचा गिझर पावणेदोन तास चालू ठेवल्यासारखं. ती एकतर ड्रममध्ये जाईल नाहीतर इंजिनातून जाईल. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, किंवा एक खाली, आणि गिअर घाट सुरू व्हायच्या आधी टाका, मधे नाही, कारण वेग वाढल्यावर या गिअरबॉक्समध्ये खालचा गिअर पडत नाही आणि हातात न्यूट्रल येतो. ब्रेक लावायचा तो थोडा दाबून सोडून, सतत पाय ठेवून नाही. मागे हॉर्न वाजवतील, वाजवू दे. वेग दुप्पट झाला की थांबवायला लागणारी ताकद चौपट होते, ६० ला जी गाडी उडत चालल्यासारखी वाटते ती ३० ला एकदम शहाणी असते.

आता ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का ते बघा. फोटोत मला नुसता हँडब्रेकचा दांडा दिसतोय, तो उभा असताना लावायचा. चालताना लागणारा ब्रेक म्हणजे बहुतेक ओव्हररन पद्धतीचा असतो, गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक लागतात. तो असेल तर त्याची सळई सरकते का, गंजून बसलीये का ते बघा, मला आलेल्या दहातल्या आठ ट्रेलरमध्ये ती जाम असते. युरोपात ब्रेक नसलेला ट्रेलर एकूण वजन ७५० किलोपर्यंतच चालवू देतात आणि माझ्या मते तो आकडा आपणही पाळावा, रिकाम्या ट्रेलरचं वजन धरून. म्हणजे एक टनी ट्रेलर बिनब्रेकचा असेल तर त्यात एक टन भरायचंच नाही, नावावर जाऊ नका.

हूक. आर्मीच्या गाडीला मागे जबडा असतो आणि ट्रेलरला जाड कडी. कडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, झिजून अंडाकृती झाली असेल तर बोटाला लगेच कळतं, कॅलिपर असेल तर उभं आणि आडवं माप घ्या. जबडा बंद झाल्यावर त्याची पिन बसते का, आणि कडी किती खडखडते. थोडा खडखडाट या पद्धतीत असतोच, पण प्रत्येक ब्रेकला मागून ठोसा बसायला लागला तर ते झिजलेलं आहे. कडी वेल्डिंग करून भरून घेऊ नका प्लीज, वेल्डिंगच्या कडेला ती तडकते. जमेल तर दुसरी शोधा. आणि दोन सेफ्टी चेन, जबड्याखाली एकमेकींना ओलांडून लावलेल्या, म्हणजे हूक सुटला तरी ट्रेलरचा ओढायचा दांडा रस्त्यात न रुतता चेनच्या झोळीत पडतो.

माल भरताना जड सामान ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे. मागे जड झालं की दांडा वर उचलला जातो आणि ट्रेलर डावी-उजवीकडे शेपूट हलवायला लागतो, मग ब्रेक मारला की संपलंच. हलायला लागला तर ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. दांड्यावर एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा हवा. हे मोजायला घरातला वजनकाटा चालतो, हूकच्या उंचीएवढे विटांचे थर लावा, वर काटा, त्यावर दांडा टेकवा. ६०० किलोच्या ट्रेलरला काट्यावर ६० च्या आसपास दिसलं की झालं. एकूण वजन मात्र मोठ्या वजनकाट्यावर करा, कळंबोलीला स्टील मार्केटच्या बाजूला काटे आहेत, दोनशे-तीनशे किलोचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो.

चाकांचं एक सांगतो आणि हे हलक्यात घेऊ नका. आर्मीच्या बऱ्याच गाड्यांना आणि ट्रेलरना दोन तुकड्यांची डिस्क असते, दोन अर्ध्या बशा नटबोल्टने एकत्र आवळलेल्या, मधे टायर. पंक्चरवाला पोरगा आला, पाना लावला आणि चाक काढायचे नट समजून बशांचे नट सोडले, आणि टायरमध्ये हवा तशीच, तर ती बशी सुटून तोंडावर येते, माणूस जागेवर जातो. जुन्या ब्रिटिश पद्धतीत हे नट लाल रंगवायचे ते ह्याच्यासाठीच. मी पण रंगवतो. आणि चाक उघडायचं असेल तर आधी व्हॉल्व्हचा पिन पूर्ण काढून टायर हाताने दाबून चपटा होतो का बघायचं, मगच नटला हात. हायवेवर पंक्चर झालं तर चाक बदला, उघडू देऊ नका. टायरचं वय पण बघा, साईडवर चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी आणि टायर बारा वर्षांचा हे डिस्पोजलच्या गाडीत नेहमीचं आहे, कारण ती उभीच असते.

आता कागद. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. ऑक्शनमध्ये गाडी दोन पद्धतीने जाते, एक चालवता येण्यासारखी म्हणून आणि एक नुसती भंगार म्हणून. भंगार म्हणून गेलेली गाडी कितीही चकचकीत करा, तिचं पासिंग होणार नाही. त्यामुळे ॲडव्हान्स द्यायच्या आधी मूळ रिलीज ऑर्डर, म्हणजे आर्मीने गाडी सोडल्याचा कागद, मागा, झेरॉक्स नाही, आणि त्यावरचा शब्द न शब्द वाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम ४७ मध्ये आर्मीतून आलेल्या गाडीला संबंधित अधिकाऱ्यांचं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं असं स्पष्ट आहे, आणि त्याच नियमात ट्रेलरसाठी मंजूर डिझाईनचा कागद लागतो. हे कागद नसतील तर तुमच्याकडे उरतो तो शोपीस. गाडी आधीच सिव्हिलमध्ये नोंदलेली असेल तर काम सोपं, नाव बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, बाहेरच्या राज्यातली असेल तर एनओसी. पण मग चेसीवर ठोकलेला नंबर स्वतः बघा. नुसती प्लेट नाही, प्लेट रिव्हेटने बसते, ती कुठूनही कुठेही जाते. चेसीचा तो भाग वायर ब्रशने घासून कागद ठेवा, वरून पेन्सिल फिरवा, उमटलेला नंबर आरसी बुकाशी एकेक अक्षर लावून बघा.

वन टन ही मुळात मालवाहू गाडी आहे. ती आरटीओत मालवाहू म्हणूनच नोंदली गेली तर एवढ्या जुन्या गाडीला दर वर्षी फिटनेस, आणि ग्रॉस वजन (गाडी आणि माल मिळून) ३००० किलोच्या वर असेल तर परमिटचा पण विषय येतो. खासगी म्हणून नोंदलेली असेल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. म्हणून आरसीवर वर्ग काय लिहिलाय ते आधी बघा, पुढचं सगळं त्यावर आहे. आणि कोणी सांगेल की पन्नास वर्षं झालेली गाडी विंटेजमध्ये टाका, तर २०२१ चे विंटेजचे नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहेत, ट्रकला ते लागत नाहीत, आणि लागले तरी विंटेज गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही.

लायसन्सचं छोटं आहे. ग्रॉस वजन ७५०० किलोपर्यंतची गाडी एलएमव्हीवर, म्हणजे कारच्या लायसन्सवर, चालते, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ट्रान्सपोर्ट गाड्यांबद्दलही हेच कायम केलं. वन टन त्याच्या आत बसते. स्टॅलियन, म्हणजे आर्मीचा मोठा ट्रक, घ्यायची असती तर हेवी लागलं असतं. ट्रेलर लावायचा म्हटल्यावर लायसन्सवर अजून काही घालून घ्यावं लागेल का हे तुमच्या आरटीओत विचारा, आणि इन्शुरन्सवाल्याकडून ट्रेलर जोडलेला असताना पॉलिसी लागू आहे असं लेखी घ्या, तोंडी नको. ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसायला हवा. ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, शेताच्या रस्त्यावर सुद्धा नाही.

रंग. तुम्ही लिहिलंय की मूळचा ऑलिव्ह ग्रीन तसाच ठेवायचा आहे. ठेवता येणार नाही. नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. बाण असलेली आर्मीची नंबर प्लेट पण नाही, शोभेला पुढे लावलेली सुद्धा नाही. मला माहितीये जीव तुटतो, मूळ रंगातली गाडी बघायला वेगळीच असते, पण त्या रंगाची गाडी आर्मीची समजली जाते, तो नियम बरोबर आहे. माझी जोंगा वाळूच्या रंगाची आहे, आरसीत तो रंग नोंदवून घेतलाय. इंजिन बदललं असेल, बऱ्याच गाड्यांत लोकांनी डिझेल टाकलंय, तर तेही आरसीत चढलेलं हवं.

पेट्रोल आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. या इंजिनांचे जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वॉशर हे त्यासाठी बनलेले नाहीत, फुगतात नाहीतर चिरतात. घेतल्या घेतल्या सगळे पाइप बदला, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी कोरडी करून ठेवा. ॲव्हरेज विचारू नका, शेताच्या सामानाचा हिशोब पैशात केलात तर भाड्याचा पिकअप नेहमी स्वस्त पडेल. ही गाडी आवड म्हणून घ्या. अजून एक, डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकू नका. मधला डिफरन्शियल नसतो, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) आवळली जाते आणि मग फोर बाय फोरचा दांडा निघत नाही. चिखलात, वाळूत, नदीच्या पात्रात टाका, तिथे चाकं घसरून हिशोब जुळवून घेतात. आणि पाण्यातून बाहेर आलात की शंभर-दीडशे मीटर ब्रेक हलका दाबत चाला, ओले ड्रम धरत नाहीत.

तर तुमच्या तिन्ही प्रश्नांचं एकत्र म्हणजे, इंजिन ओढेल, लायसन्स बहुतेक चालेल, मुरबाडला वापरता येईल पण ट्रेलरला चालू ब्रेक नसतील तर हलका भरून, आणि इगतपुरीला पहिल्या वर्षी ट्रेलर नेऊ नका. हे परिस्थितीवर आहे, ट्रेलरचा ओव्हररन ब्रेक चालू निघाला आणि ब्रेकचं पूर्ण काम नवीन केलं तर मी दुसरं उत्तर देईन. मूळ रिलीज ऑर्डर नाही म्हणाला तर मात्र भाव निम्मा केला तरी सोडून द्या.

घेतलीत तर पहिले चार रविवार सकाळी सहाला तळोजा एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर रिकामा ट्रेलर लावून फक्त रिव्हर्स करा. स्टिअरिंग खालून धरायचं, हात ज्या बाजूला नेला त्या बाजूला ट्रेलरची शेपूट जाते, वरून धरलं की डोकं उलटं चालतं. थोडं वळवा, थांबा, ट्रेलर काय करतो बघा, मग परत थोडं. दांडा गाडीच्या कोपऱ्याला लागेल असं वाटलं की पुढे घेऊन सरळ करा, कितीही वेळा करा. आणि कोणीतरी मागे उभं करा, पण ट्रेलर आणि भिंत यांच्या मधे नाही, तुम्हाला ड्रायव्हर साईडच्या आरशात दिसेल असं बाजूला. तो आरशातून दिसेनासा झाला की लगेच थांबायचं.

चेसीच्या पेन्सिल प्रिंटचा, हूकच्या कडीचा आणि ट्रेलरच्या दांड्याचा खालून असे तीन फोटो टाका, मग ब्रेकच्या कामाला काय काय लागेल ते सांगतो.